हिरवी तार

लाल अधिक, हिरवा उणे. गेरोल्ड श्टेबाख हे झोपेतसुद्धा बडबडायचा, असं त्याची बायको हिल्ट्रूड सांगे. वेस्टरवाल्डातल्या विटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने भट्ट्यांच्या तारा जोडल्या. माणूस कामाला चोख, पण हट्टी म्हणजे किती! सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

हिल्ट्रूड कुंभारकाम करायची. घरामागच्या भट्टीत सुरया भाजायची. आत मातीचे बोटभर सुळके उभे करायचे, झरोक्यातून बघत राहायचं. ठरल्या उष्णतेला सुळक्याने मान टाकली की भट्टी बंद. पण गेल्या हिवाळ्यापासून तिच्या नजरेत मधोमध डाग दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. सुळके दिसेनासे झाले तर भट्टी थांबली, आणि भट्टीशिवाय हिल्ट्रूड ही कल्पनाच गेरोल्डला सोसेना.

"मी मेलोय का?" तो म्हणाला. "तुला बशीएवढा आकडा देतो भिंतीवर!"

दिलाही. भट्टीत उष्णता मोजणारा थर्मोकपल खोचला, भट्टीबाहेरच्या तारा जोडायच्या डबीतून नवी कोरी केबल स्वयंपाकघरात आणली, ती भिंतीवरचा आकडा चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला जोडली. खोचण्याआधी सगळं टेबलावर जोडून उकळत्या पाण्यात धरून पाहिलं होतं, तर बरोबर शंभर. स्वारी दोन दिवस हवेत.

पहिल्याच भाजणीला दुपारी हिल्ट्रूड झरोक्याशी वाकली आणि ओरडली, "गेरोल्ड, सुळका पडला! बंद कर!"

"अकराशे साठच झालेत. बाराशे चाळीस हवेत ना?"

"अरे, पडलाय म्हणते ना!"

"तुला दिसतंय तरी का धड?" तो म्हणाला. "आकड्याला डोळे लागत नाहीत, हिल्ट्रूड."

ती झरोक्यापासून बाजूला झाली. भट्टी पुढे पेटत राहिली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर चाळीस सुरया एकमेकींच्या गळ्यात पडून बसलेल्या, तळाला वितळून फळीलाच चिकटलेल्या.

"मातीच खराब आली असेल," गेरोल्ड म्हणाला. चुकलं म्हणून कबूल करील तर शपथ! हिल्ट्रूडने मात्र वाद घातला नाही. संध्याकाळी सुळक्यांचा खोका उचलला आणि पलीकडच्या गल्लीतल्या योहाना कुंभारणीला देऊन आली. "मला आता नाहीच दिसत," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून गेरोल्डला चैन पडेना. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे त्याला मनातून ठाऊक होतं. त्याने चिप बदलली. प्रोग्रॅम तीनदा नव्याने लिहिला. दुसरा थर्मोकपल मागवला. टेबलावर सगळं शहाण्यासारखं चालायचं. पाण्यात शंभर म्हणजे शंभर. रिकामी भट्टी तापवून नव्या सुळक्यांनी तपासलं की पुन्हा तेच, आकडा ऐंशी अंश मागे! काय मेली कटकट आहे, म्हणत त्याने पेचकस भिंतीवर फेकून मारला. टवका उडाला, आकडा होता तसाच.

पंधराव्या दिवशी हिल्ट्रूड ओटा आवरत होती. केबलच्या रिळावरचा कागद तिच्या हाती आला.

"हा ठेवायचा का टाकायचा? काय लिहिलंय बघ, मला वाचता येत नाही."

तो वैतागून मोठ्याने वाचू लागला. "चार मीटर... हिरवा अधिक, पांढरा उणे..."

आणि मध्येच थांबला.

तारांच्या रंगांचा नियम बदलून जमाना झाला होता. त्याच्या हातांना मात्र हिरवा म्हणजे उणे एवढंच ठाऊक. डबीत हिरवी तार उणेला, मायक्रोकंट्रोलरलाही उणेला. एकाच टोकाला चुकला असता तर आकडा उलटा पळाला असता, पहिल्या मिनिटाला कळलं असतं. दोन्हीकडे चुकला, म्हणून आकडा गुणी बाळासारखा चढत राहिला, आणि डबी जेवढी तापेल त्याच्या दुप्पट कमी दाखवत राहिला. टेबलावर डबी थंडच, तिथे कसलं कळतंय!

त्याला लाज वाटली, ती तारांची नव्हती. त्या दिवशी तो काय बोलला होता, ते आठवलं.

"हिल्ट्रूड," तो म्हणाला, "सुळका खरंच पडला होता. तुला नीट दिसलं होतं. तारा मी उलट्या जोडल्या होत्या."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पंधरा दिवस, गेरोल्ड! पंधरा दिवस मी स्वतःला आंधळी समजतेय. रात्री उशीत तोंड खुपसून रडलेय. आणि तू चिपा बदलत होतास?"

त्याने कोट चढवला.

"कुठे निघालास?"

"योहानाकडे. तुझा खोका आणतो."

"आण. पण का परत नेतोयस ते तिला सांगायचं. तुझ्या तोंडाने."

योहानाने दार उघडलं. गेरोल्डने टोपी काढली. एकतीस वर्षांत कारखान्यात कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते तो उंबऱ्यावरच बोलून गेला.

"चूक माझी होती. बोल मात्र मी तिच्या डोळ्यांना लावला."