दोघं हाय की

लांडग्याच्या पिंजऱ्यात निवांत पाठ करून बसणारे आमचे तात्या कागदाला मात्र भ्यायचे. ऑफिसातून कुणी पाकीट घेऊन येताना दिसलं की हातातली बादली खाली ठेवायचे आणि उगाच टोपी सारखी करायचे. म्हणायचे, "जनावर चावाय आलं तर दिसतंय. कागुद कवा चावंल, कळत न्हाय."

तात्या मूळचे वळसंगचे. सोलापूरच्या वेशीवर एका ट्रस्टचं लहानसं प्राणिसंग्रहालय होतं. तिथं ते जनावरांची देखभाल करायचे आणि मी कारकून होते. रोज सकाळी मी रजिस्टर घेऊन फिरायचे, तात्या आकडे सांगायचे. चितळ नऊ, मोर सहा. लांडग्यापाशी आलं की आवाज चढायचा, "दोघं हाय की!" मी दोन लिहून पुढं सटकायचे. त्या पिवळ्या डोळ्यांपुढं उभं राहायची माझी छाती नव्हती. दिसायची ती एक म्हातारी मादी. दुसरा आतल्या खोलीत असेल असं मी धरून चालले होते.

दुपारी तात्या तिच्या जाळीला टेकून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. घरचा डबा खोलीत बसून खा म्हटलं तर म्हणायचे, "ती एकली जेवत न्हाय, ताई." मी हसायचे. आता नाही हसू येत.

मग ट्रस्टनं यादी करायला घेतली. कोणतं जनावर ठेवायचं, कोणतं बंद करायचं. जागा पुरते का, पिल्लं होतील का, आपल्या माळरानातलं आहे का, असं सगळं बघणार होते. त्यासाठी बाहेरून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळपातलं जनावर एकटं ठेवायचं नाही. जोडी नसेल तर जिथं कळप असेल तिथं पाठवायचं." तात्या दिवसातून तीनदा विचारायचे, "यादी आली का?" एकदा मी थट्टेनं म्हटलं, "कशाला भिताय? तुमची जोडी ठेवणार आहेत."

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कुटली जोडी?"

"तुम्हीच रोज सांगता ना, दोघं?"

"नर मरून चार वर्सं झाली की! दोघं म्हंजे ती आन मी."

नर मेला त्याच आठवड्यात जुने कारकून निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी मी आले होते आणि नोंद राहून गेली होती. चार वर्षं रोज मी न बघता दोन लिहीत आले होते. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार, म्हातारी तर जाणारच. आम्ही दोघंही गप्प बसलो. पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही. फोन वाजला तरी दचकायचे.

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः पिंजऱ्यापाशी आल्या. "दुसरा कुठाय?"

"हितं हाय की," म्हणत तात्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर नर आणला असता. आता हिचं वय गेलं." यादीत लांडग्यापुढं 'बंद' असं पडलं.

लांबच्या एका कळपाकडं न्यायला म्हातारीची पेटी टेम्पोत चढली तेव्हा तात्या शेजारीच बसले. इतक्या लांबचा प्रवास म्हातारीला झेपेल का, हे बाईंनाही सांगता येत नव्हतं. मी दिवसभर फोन हातात धरून होते. संध्याकाळी तात्यांचा आवाज आला, "दोघं पोचलो, ताई." मी ऑफिसात एकटीच रडले.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे फिरलो. चितळ नऊ, मोर सहा. रिकाम्या पिंजऱ्यापाशी पाय सवयीनं थांबले. मी काही विचारलं नव्हतं. तात्या टोपी सारखी करत म्हणाले, "एक हाय."

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. त्या सकाळी मात्र ते माझ्यासमोर उभे होते. रकान्यात शून्य लिहायचं होतं. पेन टेकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कागदाची भीती वाटली.