एकाच घोंगड्यावर
घोंगडं उन्हात टाकलं की लोकरीच्या त्या वासानं कुंडलचं आमचं अंगण आठवतं. चुलते वारले तेव्हा भेटायला येणाऱ्यांसाठी तिथं हेच घोंगडं अंथरलेलं असायचं. एका सकाळी दोन आमदार योगायोगानं एकदमच आले. आदल्या दिवशी विधानसभेत आमच्या कालव्याच्या पाण्यावरून ते एकमेकांवर तुटून पडले होते, ते गावानं टीव्हीवर पाहिलं होतं. इथं मात्र गुडघ्याला गुडघा लावून, मान खाली घालून बसले. चुलती हळूच म्हणाली, "आवं साहेब, काल तुमी लय भांडला. पर पाणी कवा येणार, ते कुणीच बोललं न्हाई." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकाचं वाक्य दुसरा पुरं करत, खालच्या आवाजात तिला सगळं सांगत राहिले. आजही अधिवेशनात गोंधळ सुरू झाला की वाटतं, मधोमध हे घोंगडं अंथरावं आणि समोर चुलतीला बसवावं.