येरवड्याला जायच्या गाडीचा फिल्टर

अर्धा फिल्टर त्याच्या हातातल्या पिशवीत होता आणि उरलेला अर्धा इंजिनाला चिकटून बसला होता.

दुपारचा सव्वा वाजला होता. सदाशिव पेठेतलं माझं गॅरेज एक ते चार बंद असायचं. शटर अर्धं ओढून मी आत बाकावर आडवा झालो होतो. वरच्या मजल्यावर पूर्वी टायपिंगचा क्लास होता. तो जाऊन त्या वर्षी कॉम्प्युटरचा आला. टायपिंगच्या खडखडाटात मला वीस वर्षं छान झोप लागायची. कॉम्प्युटरच्या शांततेत लागेना. त्या दिवशी जरा कुठे डोळा मिटत होता, तेवढ्यात शटरखाली पॉलिश केलेले दोन बूट दिसले.

"काका, आहे का कोणी?"

"बंद आहे. चारला या."

"चारला मला येरवड्याला पोचायचं आहे."

मी उठून बाहेर आलो. एक छोटी लाल गाडी, सेकंडहँड, पण धुऊन पुसून चकचकीत केलेली. मागे घाम पुसत उभे असलेले दोन रिक्षावाले. त्यांच्या मदतीनं त्यानं ती दोन गल्ल्या ढकलत आणली होती. त्याचं नाव नितीन. वरूडकडचा मुलगा, सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर, पेठेतच भाड्याच्या खोलीत राहणारा. त्या सुमारास अशी मुलं पुण्यात रोज उतरत होती.

"काय केलंत?" मी विचारलं.

"ऑइल चेंज करून राहिलो होतो. घरच्या घरी. ऑफिसमध्ये इंटरनेटवर वाचलं, प्रिंटही काढली. अकरा पानं."

ऑइल फिल्टर म्हणजे पाणी प्यायच्या भांड्याएवढा पत्र्याचा बंद डबा. इंजिनाचं तेल त्यातून गाळून फिरतं. त्याच्या बुडाला आटे असतात. तो हातानं फिरवून बसवायचा आणि हातानंच काढायचा. आधीच्या मालकाच्या कुठल्यातरी मेकॅनिकनं तो पान्यानं आवळलेला असणार. नितीननं हातानं फिरवून पाहिला, मग टॉवेल गुंडाळून पाहिला. मग पान आठवर लिहिल्याप्रमाणे त्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकला आणि तो धरून फिरवला. फिल्टर फिरला नाही. पत्रा फाटला, डबा हातात आला, बूड तिथंच राहिलं.

"पान आठवर हे करा असं लिहिलं होतं?"

"हो. पान नऊवर लिहिलं होतं की हा अगदी शेवटचा उपाय आहे."

"मग पान नऊ आधी वाचायचं."

जुनं तेल त्यानं आधीच काढून टाकलं होतं. तेलाशिवाय इंजिन थोडा वेळ जरी चालवलं तरी आतले भाग घासून जाम होतात. म्हणजे गाडी आता नुसतं खेळणं होती. त्यानं घड्याळ पाहिलं. मग परत पाहिलं.

झोपमोड झालेला पुणेरी माणूस होतो मी. बोलून गेलो, "अहो, येरवड्याला लोकांना धरून नेतात. स्वतःहून एवढ्या घाईनं कोणी जात नाही."

तो शांतपणे म्हणाला, "माझा मोठा भाऊ सुटून राहिला आज. आतून."

मी शटर वर केलं.

गाडी खड्ड्यावर घेतली. गॅरेजमध्ये खाली उतरून काम करायला लांबट खड्डा असतो, तो. मी खाली उतरलो. उरलेल्या बुडाभोवती डिझेल आणि रॉकेल सोडलं आणि थांबलो. अडकलेल्या गोष्टीला थोडा वेळ द्यावा लागतो. डिझेल आट्यांत झिरपतं, गंज सैल होतो.

खड्ड्यातून मला फक्त त्याचे बूट दिसत होते. बुटांच्या वरून आवाज येत होता. माणूस गाडीखाली असला की लोक मोकळं बोलतात. चेहरा दिसत नाही म्हणून असेल.

भाऊ गजानन. ट्रक चालवायचा. वरूडची संत्री भरून पुण्याच्या मार्केट यार्डात आणायचा. वडील लवकर गेलेले, नितीनचं कॉलेज त्या ट्रकवर झालं. सुट्टीत नितीनही केबिनमध्ये बसून यायचा. पहाटे पुणं जवळ यायचं तेव्हा दादा त्याला हलवून उठवायचा. काचेवर दव, मागं संत्र्यांचा वास, लांब शहराचे दिवे एकेक करून विझताना दिसायचे. "मला वाटे, दादानं आणलं म्हणून हे गाव उगवून राहिलं," तो म्हणाला.

मी छिन्नी लावली. बुडाच्या कडेला, उलट्या दिशेनं, हलके ठोके. टक, टक. पंखा फिरत होता. वर इंजिनाच्या फटींतून उन्हाचे दोन-तीन पट्टे खाली उतरले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. तेलाचा उबट वास. मी पुण्यातच जन्मलो, संत्र्याची बाग मी पाहिलेली नाही. पण त्या खड्ड्यात उभ्या उभ्या मला ती दिसायला लागली. गडद हिरवी झाडं, त्यांत पिवळसर दिवे लावल्यासारखी फळं, आणि मधून जाणारा ट्रक, अजिबात आवाज न करणारा.

"मग?" मी विचारलं.

"मग पुण्याच्या अलीकडे अपघात झाला. मोपेडवाला होता एक. दादा पळून नाही गेला. त्याला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन गेला. तो माणूस वाटेतच गेला. दीड वर्षाची झाली शिक्षा."

छिन्नी थांबली होती. मी परत सुरू केली.

"दादा म्हणायचा, ज्या गाडीत आपलं माणूस बसवायचं, तिचं तेल आपल्या हातानं बदलायचं. म्हणून मी करून पाहिलं, काका. त्याला सांगायचं होतं, मी केलं म्हणून."

बुडानं कुर्र असा आवाज केला आणि केसभर सरकलं. मग पाव फेरा, मग अर्धा. मग ते माझ्या तळहातावर आलं. मी फडकं घेऊन इंजिनावरची जागा पुसली. एकच हात फिरवला. काळ्यावर काळं, गुळगुळीत लागलं.

"नितीन, खाली ये," मी म्हणालो. अहो-जाहो कधी सुटलं ते मला कळलं नाही. "नवा फिल्टर तू लाव."

तो चांगल्या कपड्यांत खड्ड्यात उतरला. नव्या फिल्टरच्या तोंडाशी रबराची कडी असते, तिला बोटानं तेल लावायचं, म्हणजे पुढच्या वेळी ती चिकटत नाही. त्यानं अगदी गंध लावावं तसं ते लावलं. हातानं फिल्टर फिरवला, टेकल्यावर पाऊण फेरा. वरून नवं तेल भरलं. इंजिन सुरू केलं, दोन मिनिटं चालू दिलं, खाली वाकून पाहिलं. कोरडं. सव्वातीनला तो गेला. जाताना हात जोडले त्यानं. तेलकट हात, शर्टला लागू नयेत म्हणून लांब धरलेले.

मी जुन्या फिल्टरचे तुकडे कागदावर गोळा करायला बसलो. पत्रा, आतला दुमडलेला कागद, स्प्रिंग, बूड. बुडावर गोल खाच असते. खाच रिकामी होती.

त्या खाचेत रबर बसतं. ते तिथं नव्हतं. खड्ड्यात पाहिलं, ट्रेमध्ये पाहिलं. नव्हतंच. मग माझ्या लक्षात आलं की फडक्याला जे गुळगुळीत लागलं होतं ते इंजिन नव्हतं.

एकावर एक दोन रबरं बसली की सुरुवातीला काही होत नाही. गाडी उभ्या उभ्या चालवली तर एक थेंबही गळत नाही. रस्त्यावर वेग घेतला, तेलाचा दाब वाढला की रबर घसरतं आणि तेल बाहेर यायला लागतं. दहा मैलांत इंजिन संपतं. आणि त्या पोरानं फिल्टर स्वतःच्या हातानं बसवला होता.

मोबाइल तेव्हा माझ्याकडे नव्हता. एक नवा फिल्टर, तेलाचे दोन कॅन आणि फडकी घेऊन मी स्कूटरला लाथ मारली.

मी रस्त्याकडे पाहत चाललो होतो, डांबरावर. लक्ष्मी रोड कोरडा, कॅम्पातही कोरडा. दुपार होती, दुकानांची शटरं खाली, झाडांच्या सावल्या रस्त्यावर पसरलेल्या. जवळून जाणाऱ्या गाड्यांचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटत होता. बंडगार्डनच्या पुलावर चढलो आणि पहिला थेंब दिसला. रुपयाएवढा, काळसर, कडेला इंद्रधनुष्याचे रंग. पुढे आणखी एक. नदीवर जलपर्णी पसरली होती आणि तिच्या फटींतलं पाणी इतकं चमकत होतं की डोळे मिटावेसे वाटत होते. मी मिटले नाहीत. थेंबांच्या मागोमाग पूल ओलांडला.

जेलच्या अलीकडे एका मोठ्या झाडाखाली लाल गाडी उभी होती. नितीन किल्ली हातात घेऊन उभा होता. बाहीनं डोळे पुसत होता. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. साध्या चपला, इस्त्री नसलेली पॅन्ट.

मी खाली वाकलो. एक माणूस पाठीवर पडून वर हात घालून चाचपत होता.

"तुम्हीच का ते मेकॅनिक?" खालून आवाज आला.

"हो."

"दोन रबरं बसले."

"माहीत आहे. तेच सांगायला आलो."

तो सरकत बाहेर आला. चाळिशीचा, वाळलेला, केस बारीक कापलेले. जेलमधून सुटून आल्यावर त्यानं भावाला मिठी मारली होती, गाडीकडे चार पावलं टाकली होती आणि खाली तेलाचा डाग पाहून थबकला होता. नितीन किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्यानं त्याचा हात धरला. बाहेरच्या जगात त्यानं केलेलं पहिलं काम हे.

"हा सांगून राह्यला, मीच बिघडवली गाडी म्हणून," गजानन म्हणाला.

"नाही. फिल्टर त्यानं बरोबर लावला. जागा तपासायचं काम माझं होतं. मी नाही तपासली."

हे वाक्य मी धंद्यात फार कमी वेळा बोललो आहे. गजाननानं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"मंग तू काहून रडून राह्यला रे?"

"दादा, मला तुला नीट गाडीतून न्यायचं होतं."

"मी पळून नाही चाललो. पाना आण."

पाना लागला नाही. तेल लावून बसवलेला फिल्टर हातानं सहज निघाला. गजाननानं जुनं रबर नखानं सोडवून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नवा फिल्टर त्यानं नितीनला लावायला सांगितला. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी वाकून पाहत बसलो, परीक्षकांसारखे. तेल भरलं. इंजिन सुरू झालं. गजाननानं बॉनेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. बराच वेळ. पलीकडच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते. त्याला ते ऐकू येत होते असं वाटलं नाही.

"चांगली हाये," तो शेवटी म्हणाला.

नितीननं किल्ली पुढे केली. गजाननानं मान हलवली. "नाही. तू चालव." आणि शेजारच्या सीटवर बसला. गाडी हळू निघाली. खिडकीतून त्याचा काळा झालेला हात बाहेर आला आणि वाऱ्यात नुसता उघडा राहिला. मी पुलापर्यंत मागे मागे गेलो. रस्ता कोरडा होता.

पुढं सहा वर्षं ती गाडी माझ्याकडे येत होती. क्लचला आली, ब्रेकला आली. तेल बदलायला कधी आली नाही. ते काम दोघं भाऊ घरीच करायचे.

माझ्यापुरतं सांगायचं तर तेव्हापासून एक सवय लावून घेतली. गिऱ्हाईक स्वतःचं काही सांगायला लागलं की हातातलं हत्यार आधी खाली ठेवतो. पूर्ण ऐकून घेतो, मग परत उचलतो. दोन्ही एकदम करायला गेलो की त्यातलं एक काम माझ्याकडून नीट होत नाही.