चार नंबर कोणाचा

मधल्याला नाव होतं, पण ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात वापरात होतं. घरात थोरला तो दादा, धाकटी लग्न होऊन दूर गेलेली, आणि उरला तो मधला. वहिनी त्याला ‘मधले भाऊजी’ म्हणे. वर्कशॉपमधले मेकॅनिक ‘मधले शेठ’ म्हणत, आणि त्यातला ‘शेठ’ किती खरा नि किती थट्टेचा, हे ‘मधले’वर किती जोर पडलाय त्यावरून कळायचं.

घरचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. तळमजल्यावर ऑफिस, मागे वर्कशॉप, वरच्या मजल्यावर घर. मधला स्वतः हाडाचा मेकॅनिक, पण एका लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि डावा गुडघा कायमचा आखडला. तेव्हापासून त्याच्या वाट्याला टेबल आलं, आणि टेबलावरचा फोन. गावातल्या कुठल्याही इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की घंटा या ऑफिसात वाजायची. मधला उचलायचा, धीर द्यायचा, जवळच्या मेकॅनिकला पिटाळायचा. तो जागेवर नसला तर कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर फोन उचलायचा. लाइन आयएसडीएनची, एका तारेवर दोन बोलणी चालणारी. तेव्हा कॉम्प्युटर एका बाजूने अडकलेल्याला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायचा आणि दुसऱ्या बाजूने मेकॅनिकला फोन लावून दोघांना जोडून द्यायचा.

रेकॉर्डिंगमध्ये तीनच वाक्यं होती. “घाबरू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय.” आवाज मधल्याचा, पण ढब बाबांची. धंदा बाबांनी याच तीन वाक्यांवर उभा केला होता. तळमजल्यावर उभं राहून ते लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून ही वाक्यं अशी सोडत की वरच्या मजल्यावर अडकलेला माणूस रडायचा थांबे आणि शेजारचं बाळ रडायला लागे. रेकॉर्डिंगच्या वेळी मधल्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने सरळ बाबांची नक्कल केली. वहिनी हसून हसून खाली बसली होती.

आता बाबांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. उशाशी एक बिनतारी हँडसेट असे. डाव्या अंगठ्याला एकच आकडा पाठ होता, चार. चार म्हणजे मधल्याच्या कमरेला लटकलेला हँडसेट. तो वाजला की पलीकडून नुसता श्वास ऐकू येई. मधला म्हणे, “आलो, बाबा,” आणि एकेक पायरी चढून वर जाई. कधी पाणी हवं असे, कधी कूस बदलायची असे, कधी काहीच नसे.

या आठवड्याच्या सुरुवातीला जुना कॉम्प्युटर जळाला. वास आला, धूर आला, संपलं. आणि नेमकं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक म्हाताऱ्या बाई लिफ्टमध्ये अडकल्या. मधला आंघोळीला गेला होता. त्याच्या गुडघ्याने आंघोळ म्हणजे एक मोहीमच असते. फोन वाजत राहिला, बाई लाल बटण दाबत राहिल्या, आणि शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडून त्यांना बाहेर काढलं.

दादा कधी रागवायचा नाही. तो ‘मी काय म्हणतो’ म्हणायचा, आणि ते रागवण्यापेक्षा वाईट असायचं.

“मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू हा फोन. त्यांच्याकडे रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. आंघोळी पाळीपाळीने करतात.”

“आणि मी?”

“तू आराम कर.”

या घरात आराम करणारा एक माणूस वरच्या खोलीत होताच, आणि त्याला जेवण वेळेवर मिळे, पण विचारत कुणी काही नसे. मधल्याने हातापाया पडून शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. तोवर नवा कॉम्प्युटर फोन उचलू लागला तर ठीक, नाहीतर दादा त्या कंपनीला हो म्हणून टाकणार.

शुक्रवारची दुपार झाली होती आणि नवा कॉम्प्युटर दगडासारखा गप्प होता.

घोडं अडलं होतं ते असं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये लाइनचं कार्ड होतं; नव्यात ते बसवायला खाचच नव्हती. मग मार्ग एकच. जिन्यात भिंतीवर बिनतारी फोनचं बेस स्टेशन होतं, तीच लाइन त्यालाही जोडलेली, घरातले सगळे हँडसेट त्याच्यावर चालत. कॉम्प्युटरला बोटाएवढी एक यूएसबीची कांडी लावायची, ती कांडी हँडसेटसारखी बेसशी बोलणार, आणि कांडीची भाषा लिनक्सला, म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्याला, समजावी म्हणून एक ड्रायव्हर बसवायचा. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. हा दुभाष्या जुन्या काळचा, नवं लिनक्स त्याला ओळख देईना.

मदतीला होता प्रोफेसर. जुना कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता. जन्मात कुणाला काही शिकवलं नाही म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलेलं. आता तो दूरच्या शहरात राहायचा आणि मेसेजला उत्तर द्यायचा, पण प्रश्नानेच. मधल्याने विचारलं, ड्रायव्हर तयार होत नाही, काय करू. प्रोफेसर म्हणाला, कर्नेल कोणतं? कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा; मधल्याने आकडा कळवला. प्रोफेसर म्हणाला, एवढं नवं कशाला घेतलंस? मधल्याने लिहिलं, आता घेतलंय तर काय करू. प्रोफेसर म्हणाला, हेडर टाकलेस का?

हेडर म्हणजे त्या गाभ्याचे नकाशे, ते पाहून ड्रायव्हर बांधला जातो; ते टाकले नव्हते. ते टाकले, पुन्हा हुकूम दिला, आणि स्क्रीनने भराभर ओळी ओकल्या. स्क्रीनचा सूर एखाद्या कंटाळलेल्या कारकुनाचा होता. हे सापडत नाही, ते जुळत नाही, आता मी थांबतो. मधल्याने गाभा मागच्या आवृत्तीवर नेला. कारकुनाने आणखी कुरकुर केली आणि मग एकदम, काही न बोलता, काम करून टाकलं. ड्रायव्हर तयार झाला. मधल्याने कांडी लावली. काही नाही. काढून लावली. काहीच नाही.

आतून दादाचा आवाज येत होता. तो कंपनीच्या माणसाशी फोनवर गोड बोलत होता, हो हो, या ना सहापर्यंत, चहाच घेऊ.

कांडीला कुणीतरी आधीच धरून ठेवलंय, एवढं मधल्याला नोंदी वाचून कळलं. साध्या मोडेमचा एक ड्रायव्हर लिनक्समध्ये असतोच. तो, दुसऱ्याच्या घरात बेल वाजली की आपणच दार उघडायला धावणाऱ्या पाहुण्यासारखा, कांडी लागताक्षणी पुढे होई आणि तिला मोडेम समजून कवटाळून बसे. खरा दुभाष्या मागे ताटकळत राही. मधल्याने प्रोफेसरला विचारलं. प्रोफेसर म्हणाला, मग त्याला यादीत का टाकत नाहीस? कुठल्या यादीत, हे त्याने सांगितलं नाही. नको त्या ड्रायव्हरना दाराबाहेर ठेवायची एक फाइल असते, ती मधल्याने शोधली, आगाऊ पाहुण्याचं नाव तिच्यात लिहिलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कांडीवरचा दिवा हिरवा झाला.

आता फक्त बेसला कांडीची ओळख करून द्यायची होती. जिन्यातल्या बेसवरचं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की थोड्याच वेळात कॉम्प्युटरवर हुकूम द्यायचा. मधला जिना चढला, बटण दाबलं, उतरला. उतरेपर्यंत दिवा थंड. पुन्हा चढला. या वेळी दोन-दोन पायऱ्या घ्यायला गेला आणि कठड्याला लटकून राहिला. चांगल्या पायाच्या कुणालाही जमलं असतं. तो तिथेच पायरीवर बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्याने गुडघ्याच्या माथी मारलं.

वहिनी हात पुसत बाहेर आली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बेसकडे.

“मी दाबते, भाऊजी. तुम्ही खाली जा. आणि असे बसू नका, मला वाटलं गेलात.”

तिने वरून दाबलं आणि क्रिकेटच्या समालोचकासारखं सगळं सांगत राहिली. दाबलं, अजून काही नाही, आता लुकलुकतंय, जोरात लुकलुकतंय, द्या आता. मधल्याने हुकूम दिला. स्क्रीनवर एक ओळ उमटली. बेस स्टेशनवर जागा शिल्लक नाही.

सहा हँडसेटची सोय होती आणि सहाही जागा भरलेल्या होत्या. एक दादाचा, दोन बाबांचा, तीन वहिनीचा स्वयंपाकघरात, चार मधल्याचा, पाच वर्कशॉपचा, सहा गोदामाचा. एकाला उठवल्याशिवाय कांडीला बसता येणार नव्हतं.

गोदामात मोबाइल चालत नाही, तिथला काढता येईना. वर्कशॉपचा काढू म्हटल्यावर मेकॅनिक म्हणाले, मग मधले शेठ, आम्हाला निरोप द्यायला तुम्ही स्वतः चालत येणार का. वहिनी म्हणाली, माझा काढा, माझी सुटका होईल. पण मग चहा, चहा करत ओरडायला वर कोण येणार ते ठरवा. दादाचा काढायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या खिशात मोबाइल होता, पण मालकाचा हँडसेट एक नंबरचा. तो खिशातून डोकावत असला म्हणजे आलेल्या माणसाला मालक कोण ते कळतं, असं त्याचं म्हणणं.

“मी काय म्हणतो,” दादा म्हणाला, “बाबांचा काढ. ते बोलतात कुठे?”

वहिनीने मान खाली घातली. सहा वाजायला फार वेळ उरला नव्हता. मधल्याने कमरेचा हँडसेट काढला, मेनू उघडला आणि आपलाच नंबर बेसवरून पुसून टाकला. हँडसेट एकदा टुक् वाजला आणि त्याच्या पडद्यावर बेस सापडत नाही असं आलं.

वहिनीने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा समालोचन केलं. कांडीला जागा मिळाली. मोकळी झालेली जागा चारची होती, म्हणून कांडीला नंबर मिळाला चार. मधल्याला त्या क्षणी आनंदाने एवढं भरून आलं होतं की आकडा त्याने वाचला, पण लक्षात घेतला नाही. चाचणीसाठी त्याने मेकॅनिकच्या जागी दादाचा मोबाइल नंबर घातला आणि बाहेरून फोन लावून पाहायला ऑफिसचा मोबाइल शोधू लागला. तो टेबलावर नव्हता, खणात नव्हता, कुठेच नव्हता. बाहेर कंपनीच्या माणसाची गाडी थांबल्याचा आवाज आला आणि दादा त्याला घ्यायला अंगणात गेला.

तेवढ्यात कॉम्प्युटरने आपण होऊन फोन उचलला. स्पीकरमधून बाबांच्या ढबीत मधल्याचा आवाज घुमला. घाबरू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय.

मधल्याने खण तसाच उघडा टाकला. खरंच कुणी अडकलं होतं. स्पीकरमधून उत्तर आलं नाही. कॉम्प्युटरने थांबून पुन्हा तीच वाक्यं ऐकवली आणि दुसरा फोन लावला. अंगणात दादाचा मोबाइल वाजला.

दादा मोबाइल कानाला लावूनच धावत आत आला, मागे कंपनीचा माणूस, हातात बॅग. दादाचा चेहरा उतरला होता. ‘मी काय म्हणतो’ तो विसरला होता.

“कुणीतरी अडकलंय,” तो म्हणाला. “कुठली इमारत विचारतोय, बोलतच नाही. नुसता श्वास. मूल असेल, नाहीतर घुसमटलंय कुणी. कुठून आहे बघ लवकर.”

मधल्याने स्क्रीनकडे पाहिलं. बाहेरच्या लाइनवर काहीच नव्हतं. फोन घरातलाच होता. दोन नंबरवरून चार नंबरला.

त्याने बोट वर केलं, छताकडे.

दादाने आधी छताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मोबाइल त्याने कानावरून काढला नाही. या घरात इतकी वर्षं वरून श्वास येत होता आणि तो दादाच्या कानाला आज पहिल्यांदा लागला होता. तो ऐकत उभा राहिला. नंतर हळूच, लहान मुलासारखं, मोबाइलमध्ये म्हणाला, “आलो, बाबा.”

तो तीन-तीन पायऱ्या घेत वर गेला. मधला पोहोचला तेव्हा दादाच्या हातात पाण्याचा पेला होता आणि अर्धं पाणी बाबांच्या हनुवटीवरून उशीवर गेलं होतं. असं पाजतात का, म्हणून वहिनी त्याला झापत होती. बाबांनी मात्र हँडसेट कानाला घट्ट धरला होता. दादाने मोबाइल बंद केल्यावर आत रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं होतं. दार ओढू नका, या वाक्याला त्यांचा डावा ओठ हलत होता. मधल्याने वाकून पाहिलं. ओठ वाक्याच्या जरा पुढे होता, शिकवणाऱ्याचा असतो तसा.

“हे चालणार नाही,” मधला म्हणाला. “त्यांच्या अंगठ्याला चारच येतो. दर वेळी लिफ्टवाले धावतील.”

“मग चार तू परत घे.”

“जागा नाही, दादा. सहाच आहेत.”

दादाने पेला खाली ठेवला. खिशातून एक नंबरचा हँडसेट काढला, त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि मधल्याच्या हातात दिला. “माझा काढ,” तो म्हणाला. कंपनीचा माणूस दारात बॅग छातीशी धरून उभा होता. दादा त्याला म्हणाला, तुम्ही चहा घ्या, पण फोन आमचा आमच्याकडेच राहील, आमच्याकडे माणूस आहे.

मधला कठडा धरून खाली आला. आता कांडी काढायची, चार मोकळा करायचा, आपला हँडसेट परत जोडायचा, दादाचा पुसायचा, कांडी पुन्हा लावायची. त्याने कांडी काढून लावली. दिवा लागला नाही. त्याने प्रोफेसरला लिहिलं. प्रोफेसर म्हणाला, का काढलीस?

वरून वहिनीचा आवाज आला, “भाऊजी, दाबू का?”

“थांब जरा,” मधला म्हणाला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.