आहेत का?

सर्वनामाला घाबरणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो ह्यांचा मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करताना ते स्पॅनिश शिकले, आणि निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या घरात बसून स्पॅनिश कथांचं इंग्रजी करू लागले. स्पॅनिश वाक्यात कर्ता बहुधा गाळलेला असतो. क्रियापदावरून ओळखायचा, आणि कधीकधी तेवढ्यावरूनही ओळखू येत नाही. इंग्रजीला तो आधी लागतो. भाऊजींचा जीव त्या फटीत अडकलेला. एका कथेत 'संध्याकाळी येई' एवढंच वाक्य होतं. कोण येई, नवरा की बहीण? "मराठीत बघा वहिनी, तो येई, ती येई, काही अडत नाही," ते कळवळून सांगत. कर्ता ठरला तरी काळ उरे. "इंग्रजीत 'येत असे' लिहिलं, की आता येत नाही असा अर्थ होतो. मुळात तसं कुठं म्हटलंय?" द्राक्षाच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत ते वाक्य जागचं हललं नाही.

हा आजार घराबाहेरही पसरला. भाजीवाली म्हणाली, "काल आला नाय तो," की भाऊजी पिशवी खाली ठेवून विचारणार, "तो कोण? टेम्पो की नवरा?" "दोघं बी नाय आले. मेथी घ्या," ती म्हणे. फोनवर मी "हे घरी नाहीत" म्हटलं, तर पलीकडून प्रश्न, "हे म्हणजे कोणते?"

"घरात किती असतात, भाऊजी?"

आणि हाच माणूस आमच्या दारात चप्पल काढता काढता फक्त "आहेत का?" म्हणे. कर्ता स्वतःच गाळून. हे आतून ओरडत, "कोण आहेत का? इंग्रजीत विचार."

मागच्या उन्हाळ्यात मीच फोन केला. "भाऊजी, हे गेले." त्या वाक्याला त्यांनी काहीही विचारलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. एका संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं, तर भाऊजी. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "आहेत का?" एक चप्पल पायात, एक बाहेर, तसेच उभे राहिले. मग ते खाली बघत म्हणाले, "स्पॅनिशमध्ये 'आहेत का' आणि 'आहात का' एकच, वहिनी. मी तुम्हालाच विचारलं."

इतक्या वर्षांत त्यांनी कर्ता एवढ्या चटकन ठरवलेला मी पाहिला नव्हता.

"आहे," मी म्हटलं. "या."

अजून येतात. ह्यांच्याविषयी आम्ही फारसं बोलत नाही. चहा पितो, खिडकीबाहेर बघतो. ती कथा त्याच वाक्यापाशी थांबलेली आहे. 'येत असे' लिहायला त्यांचा हात धजत नाही, आणि मलाही घाई नाही. दारात तेच विचारतात, "आहेत का?" मी दार उघडते. कोण, ते विचारत नाही.