दोघांच्या वजनाचं टेबल

लोखंडाला मारायच्या लाल प्रायमरचा वास आला की मला पिंपरी पेंढारच्या आमच्या फॅब्रिकेशन शेडमधली ती दुपार आठवते. दोन्ही बाजूंना बाकडी जोडलेलं घडीचं टेबल मी बनवलं होतं. एका हिसक्यात मिटावं म्हणून त्याचे पाय बरेच आत घेतले होते. आईनं पिठलं-भाकरीचं ताट मांडलं, वडील बसले, तसं समोरचं बाकडं वर उचललं गेलं आणि पिठलं थेट त्यांच्या मांडीवर. "बसायचं का घोड्याव चढायचं रे हे?" वडील ओरडले. मी बिजागऱ्या तपासल्या, लेव्हल लावली. रिकामं टेबल अगदी सरळ! मला काही उमजेना. वडील दुसरं ताट हातात धरून पुन्हा बसले, तर समोरचं बाकडं पुन्हा वर. शेवटी आईला म्हणालो, "तू समोर बस बरं." "मी? ह्यांचं झाल्याव जेवते की." "जेवू नगं, नुसती बस." ती पदर सावरून टोकाला टेकली आणि टेबल जमिनीवर आलं. वडिलांनी दोन घास खाल्ले नि थांबले. समोर रिकाम्या हातानं बसलेल्या बाईकडं बघत जेवायचं कसं, त्यांना कळेना. त्यांनी अर्धी भाकरी मोडून तिच्यापुढं सरकवली. दोघंही खाली मान घालून जेवली. आठवडाभर आई तिथंच बसून जेवत होती. मग मी पाय बाहेर काढून पक्के केले. आता ते टेबल एकटा माणूस बसला तरी हलत नाही, आई पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवते, आणि मी नेमकं काय दुरुस्त केलं, ते मला अजून कळलेलं नाही.