इंजिनाखालचा कोंडीराम

कोंडीराम मला फारसा कळला होता, असं मी म्हणणार नाही. संत तुकाराम नगरात आमच्या खोल्या शेजारी-शेजारी, कंपनीही एकच; तो फिटर, मी टाइम ऑफिसात कारकून. तरी परभणीकडचं गाव त्याने का सोडलं, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारणं जमत नाही. लिहिणंही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

चौऱ्याहत्तर साल, दसऱ्यानंतरचा रविवार. कोंडीरामच्या जुन्या फियाटचं इंजिन जाम झालं होतं, म्हणून त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरं, वापरलेलं इंजिन आणलं. तिथे ऑइलच्या झाकणाशी नाक नेऊन त्याने वास घेतला, पंखा हाताने फिरवला आणि म्हणाला, "हे अजून जगंल." इंजिन बांधायला एक साखळी भंगारवाल्याने वर फुकट दिली. तिच्या दोन-तीन कड्या लाल होत्या.

"दसऱ्याचं कुंकू दिसतंय," आमचा शेजारी आणि कंपनीतलाच हिंदुराव हसला. "पुजलेली साखळी मिळाली, राव." दसऱ्याला पान्या-हातोड्यांपासून लेथपर्यंत सगळ्यालाच कुंकू लागतं. कुणी दुसरा विचार केला नाही.

आमच्या खोल्यांपुढच्या चिंचेच्या फांदीला चेन पुली टांगली. साखळीत गुंडाळलेलं इंजिन गाडीच्या तोंडावर लटकलं. हिंदुराव पुली सोडत होता. इंजिन झुलू नये म्हणून मी साखळीला दोन्ही हातांनी धरून उभा होतो. कोंडीराम गाडीखाली पाठीवर झोपून शाफ्ट जुळवत होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

घाम पुसायला मी एक हात काढला. तळवा काळा होता. लाल कुठेच नव्हतं; कुंकू असतं तर हाताला लागलं असतं.

मी नखाने कडी खरवडली. पापुद्रा निघाला. ऑइल पेंट होता तो. आमच्या कंपनीत बाद साखळीला असाच लाल पट्टा मारत, तिने कुणी वजन उचलू नये म्हणून. हे आम्हा तिघांनाही पाठ होतं.

मी हिंदुरावला तळवा दाखवला. त्याचं हसू गेलं. "खाली सोडू?" तो पुटपुटला.

"खाली तो आहे."

"मग वर घेतो."

"हिसका बसेल."

तेवढ्यात एक कडी बारीक करकरली. ओरडलो तर कोंडीराम दचकून उठेल, डोकं आपटेल, गाडी हलेल.

"कोंडीराम," मी म्हणालो, "बाहेर ये. चहा झालाय."

"आत्ता काहून चहा? शाफ्ट तोंडाशी आलाय, भाऊ."

"निवतोय."

"निवू द्या. थोडं खाली घ्या."

हिंदुरावचे हात पुलीवर तसेच थिजले. मग मी त्याच्या बायकोचा धाक घातला. "कस्तुराबाई रागावल्यात," मी म्हणालो. "भांडं आपटलं त्यांनी."

खालून एक शिवी आली. मग पाय हलले, गुडघे आले, पोट आलं. डोकं बाहेर यायला फार वेळ लागला.

"कुठाय चहा?" त्याने विचारलं. त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग साखळीकडे. उठून कडीवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं आणि तो चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसला. आम्ही गाडी हळूच मागे ढकलली आणि इंजिन जुन्या टायरवर उतरवलं. एका कडीचं तोंड उघडलं होतं. करंगळीचं नख सहज आत गेलं.

पुढच्या रविवारी कंपनीतली चांगली साखळी मागून आणली आणि इंजिन बसवलं. गाडी पुष्कळ वर्षं चालली. त्या दिवसाबद्दल कोंडीराम कधी बोलला नाही. पण चहा म्हटलं की तो हातातलं टाकून आधी बाहेर यायचा आणि मग बोलायचा.

नोकरी संपवून कायमचा गावी परतायच्या आदल्या दिवशीही तो त्याच फियाटखाली होता. कस्तुराबाईंनी माझ्या हाती कप दिला.

"कोंडीराम, चहा झालाय."

तो सरपटत बाहेर आला, त्याने वर फांदीकडे बघितलं.

"खरा ना, भाऊ?"

"खरा. साखर कमी आहे."

"असू द्या," तो म्हणाला.